अरण्यातील इवले शत्रू

शिकारीच्या गोष्टी ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे वाघ, अस्वल किंवा रानडुक्कर उभे राहते. समोरच्या झुडपातून पाने खसखसतात, शिकाऱ्याचा श्वास क्षणभर रोखला जातो, असे काहीसे चित्र आपण मनाशी रंगवतो. परंतु कॅनडा आणि अलास्का यांच्या अफाट उत्तर अरण्यांत उन्हाळ्याचे दिवस काढून आलेल्या माणसाला विचारून पाहा. कोणत्या प्राण्याने तुम्हांला अधिक छळले, असे विचारल्यावर तो अस्वलाचे नाव घेणार नाही. तो प्रथम नाव घेईल डासाचे, आणि मग त्याच्या भाऊबंदांचे.

ही तक्रार आजची नव्हे. १८९६ साली क्लोंडाइक नदीच्या परिसरात सोने सापडले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हजारो माणसे त्या ओसाड प्रदेशाकडे धावली. थंडी, उपासमार आणि खळाळत्या नद्या यांच्याबरोबरच डासांचा जाच त्यांच्या आठवणींत पुनःपुन्हा येतो. १९४२ साली अलास्काकडे जाणारा महामार्ग सैनिकांनी अरण्य तोडून बांधला. त्यांनाही यंत्रांच्या घरघरीपेक्षा डासांची गुणगुण अधिक असह्य वाटली. डोंगर फोडणारी ही माणसे, आणि त्यांच्या नाकी नऊ आणले ते चिमटीत चिरडणाऱ्या कीटकाने!

या इवल्या शत्रूची आणि माझी गाठ पडली ती २०१४ च्या ऑगस्टमध्ये. माझा मामेभाऊ कॅनडाच्या यूकॉन प्रदेशात, व्हाइटहॉर्स या राजधानीच्या गावी नोकरीनिमित्त राहतो. यूकॉन हा प्रदेश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे दीडपट मोठा. पण २०१६ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या भरली अवघी ३५ हजार ८७४. उरलेले सारे राज्य नद्यांचे, डोंगरांचे आणि स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी वृक्षांचे. भावाच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचा सारा जन्म त्याच मुलखात गेलेला. आम्ही दोघे त्यांना आपसांत बोलताना 'आजोबा'च म्हणत असू. दरवर्षी ते मूस नावाच्या प्रचंड हरिणाच्या शिकारीला जात आणि त्या एका जनावरावर त्यांच्या घरची व मुलीच्या घरची हिवाळ्याची बेगमी होत असे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. यूकॉनमध्ये मात्र हंगाम, परवाना आणि जनावरांची संख्या यांचे नियम पाळून शिकार करता येते. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा तेथे गुन्हा समजला जातो. दिवाणखान्यात शिंगे मिरवावीत म्हणून आजोबा जात नसत; घरात अन्न यावे म्हणून जात.

तेथील शहाणे शिकारी बहुधा सप्टेंबरची वाट पाहतात. तोवर रात्री हिमकण पडू लागतात, कीटक नाहीसे होतात आणि मांसही थंडीत टिकते. परंतु त्या वर्षी सप्टेंबरात आजोबांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती. त्यामुळे जायचे तर ऑगस्टातच, नाहीतर हिवाळा मांसावाचून काढायचा, असा पेच होता. "दादा, तू बरोबर चल. बंदूक तुझ्या हाती द्यायची नाही, पण ओझे उचलायला आणि चूल पेटवायला माणूस हवाच," असे भाऊ म्हणाला, आणि मी आनंदाने तयार झालो.

निघण्याच्या आदल्या दिवशी आजोबांनी आमचे सामान अंगणात मांडायला लावले. मला वाटले, ते आता दोर, कुऱ्हाड, काडतुसे तपासतील. पण त्यांनी प्रथम आमच्या शर्टांच्या बाह्या पाहिल्या. माझा गडद निळा जाड सदरा त्यांनी बाजूला काढला आणि फिकट मातकट रंगाचा, घट्ट विणीचा, पण अंगावर सैल बसणारा सदरा पुढे केला. "डासाला गडद रंग चटकन दिसतो," ते म्हणाले. "आणि कापड अंगाला चिकटले की त्याची सोंड आरपार जाते. कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे." मग पाहिले मोजे. विजारीची टोके मोज्यांत खोवता यावीत इतके ते लांब हवेत. मग हातमोजे. आणि सर्वांत शेवटी, रुंद काठाच्या टोपीवरून गळ्यापर्यंत उतरणारी काळी जाळी. टोपीचा काठ रुंद हवा, म्हणजे जाळी नाकाला आणि कानाला टेकत नाही. ती काळी हवी, कारण पांढऱ्या जाळीवर उजेड चमकतो आणि पलीकडचे नीट दिसत नाही.

"आणि अस्वलासाठी काय?" मी विचारले.

"त्याचीही तयारी आहे," आजोबा हसून म्हणाले. "पण अस्वल भेटले तर वर्षातून एकदा भेटते. हे येतात ते श्वासागणिक."

हे त्यांचे शब्द अक्षरशः खरे आहेत. आपण जो श्वास सोडतो त्यातील कर्बद्विप्राणिद वायूचा माग काढत डास येतो. कित्येक पावलांवरून त्याला या वायूची चाहूल लागते. जवळ आल्यावर अंगाचा वास आणि ऊब त्याला नेमकी वाट दाखवतात. चावते ती केवळ मादी. कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील सत्त्व लागते. नर बिचारा फुलांतील मध चाखून राहतो.

इतक्या थंड मुलखात इतके डास कसे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. मलाही पडला होता. त्याचे उत्तर त्या भूमीतच दडलेले आहे. उत्तरेत पुष्कळ ठिकाणी जमिनीखालचा थर बारा महिने गोठलेला असतो. वसंतात बर्फ वितळते. पण ते पाणी खाली मुरत नाही. शेवाळाच्या गाद्यांत, खळग्यांत, झाडांच्या मुळांशी लक्षावधी डबकी साचतात. आदल्या उन्हाळ्यात डासांच्या माद्यांनी ओलसर शेवाळात घालून ठेवलेली अंडी सारा हिवाळा बर्फाखाली निजलेली असतात. पाणी लागताच ती एकदम उमलतात. उन्हाळा तोकडा, म्हणून सगळ्यांची घाई एकाच वेळी. आपल्याकडे डास वर्षभर थोडे थोडे येतात. तेथे वर्षाचे सारे डास काही आठवड्यांतच येतात. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. आपल्याकडील डासाप्रमाणे तो हिवतापाचे जंतू घेऊन येत नाही. त्याचा उपद्रव मोठा, पण तो बहुतेक कातडीपुरताच.

जॉन्सन्स क्रॉसिंग या ठिकाणी महामार्गावरील पुलापाशी आम्ही चपट्या तळाची होडी टेस्लिन नदीत लोटली आणि प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघालो. होडी चालू असेपर्यंत सारे काही सुंदर होते. हिरवे निवळ पाणी, दोन्ही काठांना स्प्रूसची काळसर रांग, मधूनच पिवळसर होऊ लागलेली वाळुंजाची झुडपे. वाऱ्यापुढे डासाचे काही चालत नाही. तो ताशी जेमतेम दोन-अडीच किलोमीटर उडणारा जीव. साधी झुळूकही त्याला उधळून लावते. पण दुपारी चहासाठी होडी काठाला लागली, मोटर थांबली, आणि मोजून मिनिटभरात एक बारीक, न संपणारा सूर आमच्याभोवती घुमू लागला.

पहिल्या दोन दिवसांत आजोबांनी मला त्या सैन्याच्या एकेका पलटणीची ओळख करून दिली. आरंभीची पलटण डासांची. त्यांचा भर जून-जुलैत असतो. ऑगस्टच्या मध्याला ते उतरणीला लागतात, तरी सकाळ-संध्याकाळ त्यांचीच. दुसरी पलटण काळ्या माशीची. दिसायला ती लहान आणि कुबड आल्यासारखी. डास साचलेल्या पाण्यात जन्मतो, तर ही वाहत्या थंड पाण्यात, दगडाला रेशमी धाग्याने चिकटून वाढते. म्हणजे तळ्यापासून दूर गेलो आणि झऱ्याकाठी राहिलो, तर डास टळला पण काळी माशी गाठ घेणार! डास सोंड खुपसतो. ही माशी कातडी चक्क कापते. तिच्या लाळेत अंग बधिर करणारा आणि रक्त गोठू न देणारा अंश असतो, म्हणून चावल्याचे कळतच नाही. कळते ते मानेवरून रक्ताचा ओघळ उतरू लागला म्हणजे. तिला कापडातून चावता येत नाही, पण वाट शोधण्यात ती मोठी तरबेज. बाहीच्या फटीतून, कॉलरच्या आतून, केसांच्या मुळांशी, कानामागे ती चालत चालत जाते. तिचा एकच दुबळेपणा: अंधारात ती चावत नाही, आणि तंबूत शिरली तर चावणे विसरून बाहेर पडण्यासाठी उजेडाकडे धडपडत राहते.

तिसऱ्या पलटणीला तेथील लोक 'न दिसणारे' अशाच अर्थाचे नाव देतात. आपल्याकडील चिलटांहूनही बारीक, एक ते तीन मिलिमीटरचे हे कीटक साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत येतात. एखादी ठिणगी अंगावर पडावी तसा त्यांचा चावा लागतो. त्यांच्यासाठी जाळी अधिक बारीक विणीची घ्यावी लागते. आणि चौथी पलटण गोमाशीची. ती उन्हाची सोबतीण. ऊन तापले की ती येते, ढग आला की जाते.

ही ओळख पटल्यावर आजोबांच्या साऱ्या वागण्याचा अर्थ मला उलगडू लागला. रात्रीच्या मुक्कामासाठी काठावर मऊ गवताची, झाडांच्या आडोशाची कितीतरी गोजिरवाणी ठिकाणे दिसत. पण त्यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. नदीच्या मधोमध गोट्यांचे उघडेबोडके बेट दिसले की होडी तिकडे वळे. तेथे पाठीला गोटे टोचत. परंतु वारा मोकळा असे आणि साचलेले पाणी जवळ नसे. तंबूचे दार वाऱ्याच्या दिशेला करायचे, कारण आडोशाच्या बाजूलाच कीटक गोळा होतात. आत शिरताना अंगावरचे झटकायचे, झटकन आत जायचे, लगेच दाराची साखळी ओढायची, आणि दिवा मालवण्यापूर्वी आत आलेला प्रत्येक डास शोधून मारायचा. "एकाला सोडले तर त्याच्याबरोबर रात्र काढावी लागते," असे त्यांचे म्हणणे.

वारा पडलेल्या संध्याकाळी ते धुरी करीत. प्रथम वाळलेल्या लाकडांचा चांगला निखारा पाडायचा आणि मग त्यावर ओले शेवाळ, कुजके लाकूड, स्प्रूसच्या हिरव्या फांद्या टाकायच्या. जाळ दबतो आणि पांढरा दाट धूर जमिनीलगत पसरतो. तो धूर पाहताच मला कोकणातील आमच्या आजोळचा गोठा आठवला. पावसाळ्यात तिन्हीसांजेला माझे आजोबा घमेल्यात शेणीचे निखारे घेऊन त्यांवर कडुनिंबाचा ओला पाला टाकीत आणि गाईंच्या बाजूला ठेवीत. डोळे चुरचुरत, पण गाई निवांत रवंथ करीत बसत. या दोन वृद्धांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. त्यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी होती. तरीही दोघांच्या हाती एकच युक्ती होती!

नव्या विद्येचाही आजोबांना तिटकारा नव्हता. त्यांच्याजवळ डीट नावाच्या औषधाची छोटी बाटली होती. अमेरिकेच्या सैन्यासाठी ते १९४६ साली तयार झाले आणि १९५७ पासून तेथील सामान्य लोकांना मिळू लागले. ते डासाला मारत नाही. माणसाचा माग लागू देत नाही, एवढेच. मात्र त्याचा एक मोठा दुर्गुण आहे. प्लॅस्टिक, काही कृत्रिम धाग्यांची वस्त्रे आणि लाकडावरील रोगण त्याच्या स्पर्शाने विरघळते. चष्म्याची चौकट, घड्याळाची काच, मासे धरण्याची दोरी, बंदुकीचा दस्ता यांना त्या औषधाचा हात लागता कामा नये. म्हणून आजोबा ते मनगटाच्या वरच्या बाजूने मानेला आणि घोट्यांना लावीत, तळहात राख आणि पाण्याने धुऊन टाकीत आणि मगच बंदुकीला शिवत. जेवणापूर्वी हात धुण्याविषयी तर ते आईहून कडक होते. डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ ते औषध लावायचेच नाही. तेथे जाळीवरच भरवसा ठेवायचा.

एवढे करूनही चावे बसतच. माझा डावा कान दुसऱ्या दिवशी फुगून पुरीसारखा झाला होता. आजोबांनी त्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावला आणि माझी नखे पाहिली. "ही काप," ते म्हणाले. "चावा दोन दिवसांत बरा होतो. खाजवून केलेली जखम दोन आठवडे घेते."

खरी परीक्षा झाली ती चौथ्या संध्याकाळी. नदीचा एक जुना फाटा मुख्य प्रवाहापासून तुटून मागे राहिला होता. त्याचे पाणी संथ होते आणि तळाशी पाणवनस्पतींची कुरणे होती. काठच्या चिखलात मूसची ताजी खुरे उमटलेली होती. आम्ही तिघे वाळुंजाच्या झुडपात बसलो. ते ठिकाण कीटकांच्या दृष्टीने याहून वाईट असणे शक्य नव्हते: साचलेले पाणी, दाट झाडी, आणि वारा नावापुरता. तो नावापुरता वारा पाण्याकडून आमच्याकडे येत होता, एवढाच आम्हांला अनुकूल. मूसचे नाक अतिशय तीक्ष्ण. आमचा वास त्याच्याकडे गेला असता तर सारे संपले असते. तेथे धुरी करता येत नव्हती. हात उडवता येत नव्हता. बेटावर जी शस्त्रे आमच्या कामी आली होती, त्यांतली निम्मी येथे निरुपयोगी होती. उरले होते दोन उपाय: अंगावरचे कापड आणि मनातील धीर.

आजोबांच्या उजव्या हातमोज्याच्या तर्जनीचे टोक कापलेले होते. घोडा ओढण्यासाठी तेवढे बोट उघडे हवे. माझी दृष्टी सारखी त्या बोटाकडे जाई. तासाभरात त्यावर पाच-सहा काळ्या माश्या बसल्या. बंदुकीवर ते बोट जसे ठेवलेले होते तसेच राहिले. माझ्याही जाळीखाली कोठून तरी एक माशी शिरली होती. ती कानामागून केसांत चालत गेल्याचे मला स्पष्ट जाणवत होते. एक हात वर न्यावा आणि तिला चिरडावे, याहून जगात दुसरी कोणतीच इच्छा त्या वेळी माझ्या मनात नव्हती. परंतु समोरच्या झाडीत फांदी मोडल्याचा आवाज झाला होता.

आणि तो बाहेर आला. घोड्याहून उंच, काळसर तपकिरी, पसरट शिंगांचा नर. तो सावकाश पाण्यात उतरला, पोटापर्यंत खोल गेला आणि त्याने मान पाण्याखाली घातली. मान वर काढली तेव्हा त्याच्या कानांभोवती आणि पाठीवर माश्यांचे एक ढगासारखे मोहोळ तरंगताना दिसले. त्याने कान फडफडवले, पुन्हा डोके बुडवले. तो केवळ चरायला आलेला नव्हता. तोही त्याच शत्रूंपासून पळून पाण्यात शिरला होता! दोन्ही काठांना आम्ही एकाच छळाचे धनी होतो. फरक एवढाच की त्याला हलण्याची मुभा होती, आम्हांला नव्हती.

त्याने आमच्याकडे कुशी वळवीपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. मला तो एक प्रहर वाटला. भावाच्या मते ती दहा मिनिटे होती. तो पाण्यातून काठाच्या कोरड्या जागी येईपर्यंत आजोबा थांबले. मग एकच बार झाला. ते जनावर दोन पावले चालले आणि खाली बसले.

आजोबांनी बंदूक उतरवली, टोपी काढली आणि थोडा वेळ स्तब्ध उभे राहिले. मग त्यांनी ते बोट आमच्यापुढे धरले. ते अंगठ्याएवढे सुजले होते आणि त्यावर रक्ताचे थेंब मण्यांसारखे उभे होते. "याने हिवाळ्याची भाडेपट्टी भरली," ते म्हणाले.

मी समजलो की काम संपले. पण एक मोठी लढाई अजून बाकी होती. आता येणारी माशी माणसाला चावणारी नव्हती. ती मांसावर अंडी घालणारी निळसर माशी होती. ऑगस्टच्या उबेत तिने एकदा अंडी घातली की दोनशे किलोंहून अधिक मांस, म्हणजे दोन घरांचा हिवाळा, नासायला वेळ लागत नाही. रात्री साडेनऊपर्यंत संधिप्रकाश होता, तेवढ्यात आम्ही झपाट्याने काम केले. मांसाचे मोठे तुकडे करून ते विरळ विणीच्या सुती पिशव्यांत भरले. त्यांतून हवा जाते, माशी जात नाही. पिशव्यांची तोंडे घट्ट बांधून त्या होडीतून वाऱ्याच्या बेटावर आणल्या आणि ओंडक्यांच्या तिकाट्यावर टांगल्या. थंड हवा लागली की मांसावर कोरडी साय धरते आणि त्या सायीवर माशीचे काही चालत नाही. खाली मंद धुरी ठेवली. रात्री आम्ही पाळीपाळीने उठून ती जागती ठेवली. स्वतःच्या कातडीसाठी आम्ही जितकी काळजी घेतली नव्हती, तितकी त्या अन्नासाठी घेतली.

माझ्या पाळीच्या वेळी निखाऱ्याजवळ बसलो असता माझ्या मनात आले की या अरण्यात प्रत्येक जीवाने याच शत्रूपासून बचावाचा आपापला मार्ग शोधलेला आहे. मूस पाण्यात शिरतो. आणखी उत्तरेला कॅरिबू हरणांचे हजारोंचे कळप उन्हाळ्यात वाऱ्याच्या उंच धारेवर चढतात, न वितळलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर उभे राहतात, आणि एकमेकांना इतके चिकटून उभे राहतात की बाहेरच्याच हरणांना अधिक चावे बसावेत. माणसाने केले तरी काय? वारा, मोकळी जागा आणि धूर यांचाच आश्रय घेतला. आमची जाळी आणि औषधाची बाटली ही त्यात पडलेली नंतरची भर.

सकाळी मी आजोबांना म्हणालो, "हे सारे कीटक एका फुंकरीने नाहीसे करता आले असते तर किती बरे झाले असते!" त्यांनी नदीकडे बोट केले. पाण्यावर पाकोळ्या गिरक्या घेत होत्या. उथळ प्रवाहात मासे दगडांजवळ तोंड लावून काळ्या माशीच्या अळ्या टिपत होते. पुढे मी वाचले की उत्तरेतील दलदलीत आमरीच्या जातीचे एक हिरवट, नाजूक फूल उमलते आणि त्याचे पराग डासच वाहून नेतात. दूरदूरच्या देशांतून लक्षावधी पक्षी उन्हाळ्यात उत्तरेला जातात, ते पिलांच्या चोचीत हेच कीटक घालण्यासाठी. ते नाहीसे झाले असते, तर ज्या अरण्यात आजोबांचा हिवाळा पिकत होता ते अरण्य निराळेच झाले असते. आजोबांनी मात्र यातले काहीच सांगितले नाही. ते इतकेच म्हणाले, "आपण त्यांच्या घरी पाहुणे आलो आहोत. घरधन्याची रीत कळली की पाहुण्याचे फारसे अडत नाही."

मांस सुखरूप घरी पोहोचले. सप्टेंबरात आजोबांची शस्त्रक्रिया झाली. मी भारतात परतल्यावर भावाचे पत्र आले. त्यात त्याने लिहिले होते: 'पहिला हिमकण पडला. डास, माश्या, सगळे एका रात्रीत गेले. आजोबा काठी घेऊन अंगणात फिरतात आणि कधी कधी उघड्या हाताने थोपटून म्हणतात, पाहा, एकही नाही! पण त्यांनी जाळ्यांच्या टोप्या धुऊन, फाटलेल्या ठिकाणी टाके घालून, खुंटीला लावूनही ठेवल्या आहेत.' ते वाचून मला हसू आले. बर्फाखालच्या शेवाळात पुढच्या वर्षाची अंडी निजलेली होती, आणि आजोबांना ते ठाऊक होते.